बॅटरी छताच्या मापाची नको, रात्रीच्या मापाची हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

छतावर तयार झालेली वीज बॅटरीत साठवून घरीच वापरण्याबद्दल हल्ली बरेच छापून येते. त्यात ‘५ किलोवॉटची बॅटरी’ असे सर्रास लिहिलेले असते आणि वाचकाचा हिशेब तिथेच चुकतो. किलोवॉट म्हणजे वीज किती जोराने वाहते ते. युनिट म्हणजे ती किती साठली ते. नळाची धार आणि टाकीचे माप यांत जो फरक, तोच इथे आहे. बॅटरी घेताना दोन्ही आकडे लागतात. ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत ५.१२ युनिट मावतात. पण तिच्यातला बीएमएस, म्हणजे सेलवर नजर ठेवणारे सर्किट, ५० अँपिअरच सोडत असेल तर एका वेळी जेमतेम अडीच किलोवॉट मिळतात. दोन किलोवॉटचा गीझर चालू असताना कुणी इस्त्री लावली की संच बंद पडतो आणि घरचे म्हणतात, बॅटरी लहान पडली. टाकी भरलेलीच असते, तोटी लहान असते. बातम्यांत आणि पुरवण्यांत हे दोन आकडे वेगवेगळे छापावेत, ही पहिली विनंती.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे. बॅटरी केवढी घ्यावी याचे उत्तर छतावर किती पॅनेल बसतात यात नाही, मीटरवर आहे. सलग सात दिवस मीटरचे आकडे दोनदा लिहून ठेवावेत: संध्याकाळी पॅनेलकडून काही मिळेनासे होते तेव्हा, आणि सकाळी ऊन पॅनेलवर येऊन घराचा भार उचलू लागते तेव्हा. दोन्हींतला फरक म्हणजे घराची रात्र. सात आकडे चढत्या क्रमाने मांडून मधला धरावा. पाहुणे आलेल्या एका रात्रीवरून बॅटरी ठरवू नये. हीच नोंद उकाड्याच्या आणि थंडीच्या दिवसांत पुन्हा करावी, कारण एसी किंवा हीटर लागला की रात्रीचे माप दुप्पट होऊ शकते.

समजा, मधला आकडा निघाला ४.२ युनिट, चौदा तासांत. म्हणजे सरासरी ३०० वॉटचा भार. ५.१२ युनिटच्या बॅटरीतले ९० टक्के वापरायचे ठरवले तर ४.६ युनिट हाती येतात. बॅटरीतली डीसी वीज घराला लागणाऱ्या एसी विजेत बदलताना आठ टक्के जातात, उरतात ४.२४. कागदावर हिशेब अगदी चपखल बसतो आणि बहुतेक कोटेशने इथेच थांबतात. पण इन्व्हर्टर स्वतःही वीज खातो. पाच किलोवॉटचा हायब्रिड इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेल, बॅटरी आणि मीटर तिन्ही सांभाळणारा, नुसता चालू राहायला साधारण ५० ते ६० वॉट घेतो. ३०० वॉटच्या भारापुढे ५० वॉट म्हणजे सहावा हिस्सा. तो धरला तर बॅटरी चौदा तासांऐवजी सव्वाबारा तासच पुरते आणि उजाडण्याआधी पावणेदोन तास घर पुन्हा मीटरवर जाते. माहितीपत्रकात हा आकडा ‘नो-लोड कन्झम्पशन’ किंवा ‘स्टँडबाय’ या नावाने असतो. खरेदीआधी तो आवर्जून विचारावा. गरज तीन किलोवॉटची असताना ‘पुढेमागे उपयोगी पडेल’ म्हणून आठ किलोवॉटचा इन्व्हर्टर घेतला तर ही गळती रोज रात्री सोसावी लागते.

मग त्या पावणेदोन तासांसाठी दुसरी बॅटरी घ्यावी का? माझ्या मते नाही. पहिली बॅटरी रोज पूर्ण भरते आणि जवळपास पूर्ण रिकामी होते, म्हणून तिचा पैसा वसूल होतो. दुसरीचा थोडासाच भाग वापरात येतो, पैसे मात्र पूर्ण लागतात. ती भरायला पुरेसे ऊन आहे का, हाही प्रश्न असतोच. तीन किलोवॉटच्या पॅनेलमधून स्वच्छ उन्हाच्या दिवशी बारा युनिट आले आणि दिवसा घराने पाच वापरले, तर बॅटरीसाठी सात राहतात. आभाळ भरून आले की तेच पॅनेल तीन-चार युनिट देतात आणि ते दिवसाच संपतात. बॅटरी दुपार रात्रीकडे सरकवते. उन्हाचा आठवडा ढगाळ आठवड्याकडे सरकवणे घरगुती बॅटरीला परवडणारे नाही.

वीजबिलाच्या अंगाने बॅटरी कधी परवडते, हे एका वजाबाकीवरून कळते. बाहेर पाठवलेल्या युनिटच्या बदल्यात पूर्ण युनिट परत मिळत असेल, तर बॅटरीने बिलात काहीच वाचत नाही, उलट थोडे जाते. कारण साठवून काढलेल्या एका युनिटमागे हातात ०.८५ ते ०.९ युनिटच येते. अशा ठिकाणी बॅटरी घ्यावी ती वीज गेल्यावर घर चालू राहावे म्हणून, आणि ते कारण पुरेसे असू शकते. पाठवलेल्या विजेचा भाव विकतच्या विजेपेक्षा बराच कमी असेल, किंवा बाहेर पाठवायची परवानगीच नसेल, तेव्हा खरी बचत होते. तीही फक्त त्या दोन भावांतल्या फरकाएवढी. हा फरक एका बाजूला ठेवावा. दुसऱ्या बाजूला बॅटरीची किंमत भागिले वापरण्याजोगे युनिट भागिले चक्रांची संख्या. एकदा भरून रिकामी झाली की एक चक्र. पहिली बाजू मोठी असेल तरच बॅटरी परवडते. माहितीपत्रकात ६,००० चक्रे लिहिलेली असतात. रोज एक धरले तर सोळा वर्षांहून जास्त. पण हमी दहा वर्षांची असेल तर ३,६५० पेक्षा जास्त चक्रे धरण्यात अर्थ नाही, आणि ढगाळ दिवस वजा केले तर ३,००० धरणेच शहाणपणाचे.

बॅटरीआधी एक साठवण जवळपास प्रत्येक घरात तयार असते: गरम पाणी. १०० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला साधारण साडेतीन युनिट लागतात, म्हणजे वरच्या बॅटरीतला बराचसा साठा. चांगल्या वेष्टनाच्या टाकीत हे पाणी दुपारी तापवून ठेवले तर रात्री आणि सकाळी गीझर लावावाच लागत नाही. एक साधा टायमर लागतो, चक्रे मोजावी लागत नाहीत. पाण्याचा पंप, कपडे धुण्याचे यंत्र, इस्त्री हेही उन्हाच्या वेळेत आणावे, फक्त एकामागून एक. सगळे एकदम सुरू केले तर पॅनेल पुरत नाहीत आणि भर दुपारी वीज विकत घेतली जाते. पंपाची मोटर सुरू होताना क्षणभर चालू प्रवाहाच्या पाच ते सात पट ओढते. तो झटका इन्व्हर्टरला सोसतो का, हे आधी बघावे. हे सगळे करून झाल्यावर सात दिवसांची नोंद पुन्हा घ्यावी. बऱ्याच घरांत रात्रीचा आकडा इतका खाली येतो की ठरवलेल्या बॅटरीच्या निम्मी पुरते.

बॅटरी कोणत्या जातीची, यावर अजून वाद होतो. लेड-अ‍ॅसिड बॅटरी फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ साली बनवली. ती स्वस्त, ओळखीची आणि कुठेही दुरुस्त होणारी आहे. क्वचित जाणाऱ्या विजेसाठी ती उत्तमच, कारण तेव्हा ती बहुतांश काळ भरलेली असते. रोजच्या साठवणुकीत मात्र ती अर्ध्याहून जास्त रिकामी करता येत नाही. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या चार बॅटऱ्या म्हणजे कागदावर ७.२ युनिट, हातात ३.६. त्याहून वाईट म्हणजे ढगाळ आठवड्यात ती दिवसेंदिवस अर्धवट भरलेली राहते, प्लेटांवर सल्फेट घट्ट बसते आणि क्षमता कायमची जाते. सौरविजेच्या घरगुती वापरात नेमके हेच वारंवार होते. जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली पुढे आणलेल्या लिथियम आयर्न फॉस्फेटला अर्धवट भरलेले राहण्याचे वावडे नाही. तिचा खोडकरपणा वेगळा आहे. २० टक्के भरलेल्या आणि ८० टक्के भरलेल्या सेलचा व्होल्टेज जवळपास सारखाच, ३.२ ते ३.३ च्या आसपास असतो. त्यामुळे बीएमएस आत-बाहेर गेलेले अँपिअर मोजून टक्के सांगतो आणि त्या मोजणीत रोज थोडी चूक साठत जाते. पडद्यावर ३५ टक्के दिसत असताना घर अचानक अंधारात जाते ते यामुळे. बॅटरी बिघडलेली नसते. दोन-तीन आठवड्यांतून एकदा ती पूर्ण भरू द्यावी: १६ सेलच्या बॅटरीला साधारण ५६ व्होल्टपर्यंत नेऊन प्रवाह चार-पाच अँपिअरवर येईपर्यंत तिथेच धरावे. तेव्हाच मोजणी जागेवर येते आणि सेलही एकमेकांच्या पातळीला येतात. ढगाळ दिवसांत हे उन्हावर होणार नसेल तर मीटरच्या विजेवर करावे. त्या एका दिवसाच्या चार-पाच युनिटांची हळहळ करू नये.

याच दिवसांतली दुसरी चूक म्हणजे बॅटरी तळापर्यंत वापरणे. ती शून्याला आली की बीएमएस स्वतःला तोडून घेतो आणि काही इन्व्हर्टर मग बॅटरी दिसत नाही म्हणून तिला चार्जही करत नाहीत. अशा दिवसांत पंधरा ते वीस टक्के शिल्लक ठेवावी आणि त्याखाली गेल्यास मीटरवरून भरण्याची सेटिंग चालू ठेवावी.

आता जोडणीबद्दल, कारण तक्रारींचे मूळ बहुधा तिथे असते. साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर बाहेरची वीज गेली की भर उन्हात बंद पडतो. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला उलट बाजूने शॉक बसू नये म्हणून ते बंधनकारकच आहे. वीज गेल्यावरही घर चालायला हवे असेल तर बॅकअप आउटपुट असलेला हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, आणि बॅकअपवरच्या दिव्यांची, पंख्यांची, फ्रिजची डीबी, म्हणजे वीज वाटणारी पेटी, वेगळी काढावी लागते. या डीबीची न्यूट्रलही वेगळी हवी. घाईत फेज वेगळी केली जाते आणि न्यूट्रल जुन्याच पट्टीवर राहते. मग आरसीसीबी, म्हणजे गळती दिसताच वीज तोडणारा स्विच, उगाच उडत राहते, किंवा वीज गेल्यावर अर्धे दिवे लागतच नाहीत.

न्यूट्रलचा यापेक्षा गंभीर दोष डोळ्यांना दिसत नाही. बाहेरची वीज असताना न्यूट्रल तिकडे कुठेतरी जमिनीला बांधलेली असते. बॅकअपवर जाताना इन्व्हर्टर ती जोडणी तोडतो आणि न्यूट्रल अधांतरी राहते. अशा वेळी फ्रिजच्या पत्र्यात वीज उतरली तर तिला परतायला रस्ता नसतो आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी उडत नाही. म्हणून बॅकअप सुरू होताच न्यूट्रल-अर्थ जोडणारा रिले लागतो. काही इन्व्हर्टरमध्ये तो आत असतो, काहींत सेटिंगमधून सुरू करावा लागतो, काहींत बाहेरून बसवावा लागतो. तपासायला सोपे आहे: मेन स्विच पाडावा आणि बॅकअपच्या सॉकेटवर न्यूट्रल ते अर्थ व्होल्टेज मोजावा. शून्याच्या जवळ आला तर ठीक. शंभराच्या आसपास आला तर रिले काम करत नाही. टेस्ट बटण दाबल्यावर आरसीसीबी उडते म्हणून समाधान मानू नये. ते बटण अर्थिंगचा रस्ता तपासतच नाही. आणि वायरचा तुकडा टाकून न्यूट्रल-अर्थ कायमचे बांधून टाकणे हा त्यावरचा उपाय नव्हे. बाहेरची वीज परत आल्यावर तो तुकडाच धोका होतो.

बॅटरीवरचे घर असूनही बिल उतरत नसेल तर पहिला संशय सीटीवर घ्यावा. मीटरनंतरच्या मुख्य वायरीभोवती बसवलेली ही कडी घर वीज घेते आहे की देते आहे, हे इन्व्हर्टरला सांगते. तिच्यावर बाण असतो. तो उलटा बसला तर घर ३०० वॉट घेत असताना इन्व्हर्टरला वाटते ३०० वॉट बाहेर चालले आहेत. जास्तीची वीज म्हणून तो बॅटरी भरायला लागतो, घेणे वाढते, त्याला जास्तीची आणखी दिसते. रात्री मीटर पळत राहतो. परीक्षा दोन मिनिटांची आहे: अंधार पडल्यावर दोन किलोवॉटचा गीझर चालू करावा. पडद्यावर घराचा भार आणि बॅटरीतून निघणारी वीज दोन्ही दोन किलोवॉटने वाढले पाहिजेत आणि मीटरकडून येणारी वीज काही क्षणांत शून्याजवळ परतली पाहिजे. मीटरचा आकडा दोन हजारावर अडकला तर सीटी उलटी आहे, चुकीच्या फेजवर आहे, किंवा गीझरची वायर तिच्या आधीच वेगळी निघालेली आहे. थ्री-फेज घरात तीन कड्या लागतात आणि प्रत्येकीची वायर इन्व्हर्टरच्या त्याच फेजच्या खुणेला जावी लागते.

बॅटरीच्या बाजूला व्होल्टेज कमी म्हणून प्रवाह मोठा. ४८ व्होल्टवर पाच किलोवॉट म्हणजे, इन्व्हर्टरमधली आठ टक्के घट धरून, ११० अँपिअरच्या वर. त्याला ३५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल हवी, शक्य तेवढी आखूड. केबलच्या टोकाची कडी, म्हणजे लग, हातोडीने ठोकून नव्हे, हायड्रॉलिक क्रिम्परने बसवलेली हवी. नट नीट न आवळलेल्या एका टर्मिनलचा रोध पाच मिलिओम झाला तर ११० अँपिअरला तिथे साठ वॉट उष्णता होते. सोल्डरिंग आयर्नच तिथे कायमचे टेकवून ठेवल्यासारखे. प्लास्टिक आधी पिवळे पडते, मग तपकिरी, मग वास येतो. सांगितलेल्या टॉर्कने आवळून नटावर आणि पट्टीवर सलग रंगाची रेघ मारावी. नट सैल झाला की रेघ तुटलेली दिसते. महिन्याभराने भार असताना इन्फ्रारेड थर्मामीटरने सगळे सांधे बघावेत. शेजारच्या सांध्यापेक्षा एखादा दहा अंशांनी गरम असेल तर तो सैल आहे असेच समजावे.

फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हजवळच हवा आणि डीसीचाच हवा. लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर वाहतात, म्हणून क्लास टी प्रकारचा फ्यूज वापरतात. डीसीच्या जागी एसीची एमसीबी लावणे ही स्वस्तातली सगळ्यात महाग चूक. ५० हर्ट्झची एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, ठिणगी आपोआप विझते. डीसी शून्यावर येतच नाही. एमसीबी उघडते आणि आत ज्योत जळत राहते. डीसीच्या काही एमसीबींना प्लस-मायनसची बाजू ठरलेली असते, तीही पाळावी. पॅनेलच्या एमसी-४ जोडांत नर एका कंपनीचा आणि मादी दुसरीची असे करू नये. बसतात घट्ट, पण आतला स्पर्श अपुरा राहून काही महिन्यांत जोड वितळतो. दोन बॅटऱ्या समांतर जोडायच्या असतील तर आधी दोन्ही पूर्ण भरून व्होल्टेज सारखे करावेत, आणि बसबारपर्यंतच्या, म्हणजे दोन्ही जिथे जोडतात त्या पट्टीपर्यंतच्या, केबली सारख्याच लांबीच्या ठेवाव्यात. जिची केबल आखूड, तिच्यावर जास्त भार पडतो आणि ती आधी थकते.

पॅनेलबद्दल थोडक्यात. माहितीपत्रकातले आकडे २५ अंशांचे असतात. कडक उन्हात सेल ६५ अंशांवर गेले की उत्पादन साधारण १४ टक्क्यांनी घटते आणि ५४० वॉटचा पॅनेल ४६५ च्या आसपास देतो. हा दोष नव्हे. थंडीत उलटे होते, आणि ते धोक्याचे असते. ४९.५ व्होल्टचे दहा पॅनेल एका स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एकामागून एक जोडलेल्या माळेत, ४९५ व्होल्ट होतात. ५०० च्या मर्यादेत बसले असे वाटते. पहाटे पारा ५ अंशांवर उतरला की तीच स्ट्रिंग ५२० च्या वर जाते आणि इन्व्हर्टर जळू शकतो. अशा ठिकाणी नऊच पॅनेल लावावेत.

बॅटरी गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवू नये. सतत ३५ अंशांवर राहिली तर आयुष्य झपाट्याने घटते. शून्याखाली तर लिथियम बॅटरी चार्जच करायची नसते. लेड-अ‍ॅसिड असेल तर चार्ज होताना हायड्रोजन निघतो, म्हणून खोली हवेशीर हवी.

शेवटचा हप्ता देण्याआधी गीझरची परीक्षा आणि न्यूट्रलचे माप ग्राहकाने स्वतःसमोर करून घ्यावे. जोडणीचा नकाशा, इन्व्हर्टरच्या सेटिंगचा पासवर्ड आणि भरलेल्या सेटिंगची यादी मागून घ्यावी. ही माहिती न देणाऱ्याकडून काम घेऊ नये. डीबीच्या दाराला आतून एक कागद चिकटवावा: आधी घराचा भार बंद, मग मेनकडची एमसीबी, मग पॅनेलचा आयसोलेटर (पॅनेलची वीज तोडणारा स्विच), शेवटी बॅटरीचा ब्रेकर, आणि नंतर पाच मिनिटे काहीही उघडायचे नाही, कारण आतले कपॅसिटर भरलेले असतात. सगळे बंद केले तरी ऊन असेपर्यंत छतावरून आयसोलेटरपर्यंत येणाऱ्या वायरींत शेकडो व्होल्ट असतातच. आग विझवायला आलेल्या माणसाला हे माहीत नसते, म्हणून ही ओळ त्या कागदावर सर्वांत वर, लाल अक्षरांत हवी, आणि तशीच एक पाटी मीटरजवळ बाहेरच्या बाजूला.

आपला,
एक विद्युत तंत्रज्ञ